कुओच्या जिन्यात तुटणारा फोन

लिआओ छिउश्यानं कुओवर नऊ वर्षं डूख धरला होता, आणि त्याची तिला तसूभरही लाज वाटत नव्हती. का वाटावी? घरोघरी वाय-फाय बसवण्याच्या धंद्यात अख्ख्या ताइनान शहरात तिच्याइतक्या सफाईनं भिंतीतून तार ओढणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि नेमकं तिच्याबद्दलच कुओनं गावभर सांगितलं होतं, की हिला तार ओढता येत नाही.

तेव्हा ती कुओच्याच दुकानात कामाला होती. दातांच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांनी वाय-फाय बसवलं, आणि डॉक्टर बोलत बोलत या खोलीतून त्या खोलीत गेले की फोन मध्येच तुटायला लागले. छिउश्या म्हणाली, "मालक, तुम्ही वाय-फायचे सगळे डबे फुल पॉवरवर ठेवलेत. कमी करा." कुओ हसला. "पॉवर कमी करून फोन चांगला चालतो, हे कुठल्या शाळेत शिकलीस?" दवाखान्यानं बोंब मारल्यावर मात्र त्यानं सगळं खापर तिच्या तारांवर फोडलं. वर्षअखेरच्या जेवणात तीस माणसांसमोर त्यानं अख्ख्या कोंबडीचं ताट फिरवलं आणि कोंबडीचं डोकं बरोबर छिउश्याकडे आणून थांबवलं. ज्याच्याकडे डोकं, त्याची नोकरी गेली. हल्ली मालक लोक ते डोकं आठवणीनं स्वतःकडे वळवतात, उगाच कुणाला धसका नको म्हणून. कुओला तेवढीही माणुसकी सुचली नाही. छिउश्या भरल्या वाडग्यावरून उठली. त्यानंतर दोन वर्षं तिला कुणी काम दिलं नाही.

आणि आता कुओच्या बायकोचा फोन आला.

"छिउश्या, येतेस का गं? नवं घर बांधलंय, चार मजली. जिना चढला की फोन तुटतो. दुकानातल्या माणसांनी तीनदा केलं, जमेना. रविवारी गृहप्रवेश आहे, यांच्या धंद्यातल्या संघटनेची सगळी मंडळी जेवायला येणार. ह्यांना सांगितलं नाहीये मी."

"येते की, मालकीणबाई," छिउश्या म्हणाली. फोन ठेवल्यावर आनंदानं तिला घास उतरेना.

कुओनं दारातच विचारलं, "तू?"

"मीच. घर दाखवताय का जाऊ?"

घर अरुंद, उंच आणि नखशिखांत काँक्रीटचं. तारांसाठी भिंतीत नळ्या टाकल्या होत्या, पण पंचांगातला मुहूर्त काही हलेना. मग गवंड्यांनी घाईघाईत नळ्यांच्या तोंडांवरूनच गिलावा मारून टाकला. नवी भिंत फोडायची हिंमत कुणाला झाली नाही, म्हणून कुओच्या माणसांनी प्रत्येक मजल्यावर हवेतून हवेत रेंज पुढं ढकलणारे डबे ठेवले होते. आणि सगळे फुल पॉवरवर! नऊ वर्षांत हा बाबा काडीचं शिकला नव्हता.

तिनं भिंती ठोकून नळ्यांची तोंडं शोधली आणि छिन्नी घेतली. तार ओढायला दोघं लागतात, एक वरून ओढायला, एक खालून सोडायला. कुओ म्हणाला, "दुकानातून कुणाला तरी बोलावतो."

"नको. तुम्हीच बसा."

बसला. धंद्यातला एवढा मोठा माणूस जिन्याखाली उकिडवा बसून तार सोडायला लागला. चौथ्या मजल्यावरून छिउश्या ओरडत होती, "हळू, मालक. पीळ पाडू नका. वर तार ओढता न येणारी बाई उभी आहे, जरा सांभाळून घ्या." मग तिनं हात थांबवला. "रविवारी सगळ्यांसमोर सांगायचं. दवाखान्यातल्या तारा बरोबर होत्या, चूक तुमची होती. नाहीतर मी ही तार इथंच सोडून चालले."

खालून आवाज आला, "सांगेन. ओढ आता."

मग तिनं जीव ओतून काम केलं. दर मजल्याच्या छताला एक डबा, प्रत्येकाला खालपासून स्वतःची तार, चौघांवर वाय-फायचं नाव एकच आणि पॉवर बेतानं. खालचा डबा फार मोठ्यानं बोलला तर फोन वर गेला तरी त्याचाच हात धरून बसतो, आणि मग धड ना हा ना तो. खालच्यानं वेळेवर आवाज उतरवला, की फोन मुकाट वरच्याकडे जातो. बहिणीशी बोलत बोलत ती चारही मजले चढली, एक शब्द गळला नाही.

रविवारी गल्लीत लाल मांडव पडला, दहा टेबलं लागली; त्यातल्या एकावर मालकीणबाईंनी छिउश्यालाही बसवलं. संघटनेचे अध्यक्ष फान पाय मोडून घरी पडले होते, ते व्हिडिओवर आले. कुओ फोन उंच धरून उभा राहिला. "अध्यक्ष, घरातलं हे सगळं वाय-फाय माझ्या दुकानातल्या माणसांनी केलं. आमच्याकडे तार ओढण्यात हयगय चालत नाही. जी करते, तिला मी घरी पाठवतो." आणि त्यानं छिउश्याकडे बघितलं. माणसं हसली.

छिउश्याच्या कानशिलात रक्त चढलं. दुसऱ्यांदा, आणि तेही तिच्याच तारांवर उभं राहून! पण तिचं तोंड बघायला लागू नये म्हणून कुओनं एक गोष्ट मागून घेतली नव्हती. डब्यांच्या सेटिंगचा पासवर्ड अजून तिच्याकडेच होता. तिनं चॉपस्टिक खाली ठेवल्या, फोन काढला आणि चारही डबे एकामागून एक फुल पॉवरवर नेले.

"बघा हं अध्यक्ष, चौथ्या मजल्यापर्यंत तुटला तर माझं नाव बदला," म्हणत कुओ जिना चढला. मागे अर्धा मांडव. दुसऱ्या मजल्यावर अध्यक्षांचा चेहरा उघड्या तोंडानिशी थिजला. तिसऱ्यावर गेलाच. कुओनं पुन्हा लावला, पुन्हा चढला, पुन्हा तुटला. जिन्यात कुणीतरी म्हणालं, "मग कुओ, आता नाव काय ठेवायचं तुझं?"

तो घामाघूम होऊन खाली आला आणि छिउश्याच्या टेबलापाशी उभा राहिला. "काय केलंस?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं मुद्दाम मोठ्यानं उत्तर दिलं. "तुमचीच सेटिंग लावली, मालक. दवाखान्यात होती ती. तारा मी ओढलेल्या, त्याच आहेत. सकाळपर्यंत फोन चालत होता, मालकीणबाईंना विचारा."

मांडवात माना हलल्या. सगळे याच धंद्यातले, कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. कुओनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बायकोसुद्धा त्याच्याकडेच बघत होती.

"तारा बरोबर होत्या," तो पुटपुटला.

"कुठल्या?"

"दवाखान्यातल्या. हिच्या. चूक माझी होती."

हे ऐकलं की आपल्याला रडू येईल असं छिउश्याला नऊ वर्षं वाटत आलं होतं. ते काही आलं नाही. उलट सडकून भूक लागली. तिनं वाडगा पुढं ओढला.

"पुन्हा सांगा, मालक," ती म्हणाली. "अध्यक्षांना परत फोन लावा आणि जोरात सांगा. त्यांचा मघाशी तुटला ना, त्यांनी काही ऐकलं नाही."