रॅकेट केसभरही वाकली नाही

मी एक जुनी चौकट आहे, मित्रांनो. दाराची नव्हे, फोटोचीही नव्हे. पूर्वी बॅडमिंटनच्या रॅकेटी लाकडाच्या असत आणि दमट हवेने वाकत. म्हणून खेळ संपला की त्यांना माझ्यासारख्या चौकटीत घालून चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळत. एका सुताराने खुर्चीच्या उरल्यासुरल्या लाकडातून मला बनवले. दाबून धरणे, एवढेच मला येते. त्यात मजा येते का, असे कोणी विचारले नाही. खरे सांगायचे तर येतही नाही.

माझ्या वाट्याला आलेली रॅकेट चॅम्पियनची होती. गल्लीपासून क्लबपर्यंत सगळे त्या पोरीला चॅम्पियनच म्हणत. देशाचे अजिंक्यपद तिने लागोपाठ दोनदा जिंकले होते. तिने हात उंचावून फटका मारला की समोरची खेळाडू जागच्या जागी खिळून राहायची. सकाळी ती माझे स्क्रू भराभर सोडवायची, मला बाकावर भिरकावायची आणि कोर्टवर पळायची. आपटून आपटून माझ्या एका कोपऱ्याचा टवकाच उडाला. ते दिवस बरे होते.

मग तिचे लग्न झाले. नवरा घड्याळे दुरुस्त करायचा. भला माणूस. खेळू नको, असे तो कधीच म्हणाला नाही.

"अगं, खेळ की! कोणी अडवलंय? फक्त यंदा आईचं दुखणं सरू दे."

पुढच्या वर्षी मुलगी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी दुकान हलवायचे होते. चॅम्पियन "बरं" म्हणायची आणि पाण्याची बादली उचलायची.

रॅकेट मात्र त्याने जिवापाड जपली. दर रविवारी चष्मा सावरून माझे स्क्रू तपासायचा, त्यांत तेल सोडायचा. पाहुणे आले की मला कपाटावरून उतरवायचा. "हात नका लावू हं! चॅम्पियनची आहे." पाहुणे वाहवा करत. चॅम्पियन त्यांचे उष्टे कप उचलून नेई. मी दाबून धरत राहिले.

मुलगी मोठी झाली तेव्हा क्लबने जुन्या खेळाडूंचा सामना ठेवला. "मी खेळणार," चॅम्पियन म्हणाली. या वेळी तिने कोणाला विचारले नाही. नवरा हरखला. रॅकेटची जाळी नवी विणून आणली. अंगणात त्याने माझे स्क्रू सोडवले आणि एक डोळा मिटून रॅकेट निरखली.

"बघ! केसभरही वाकली नाही!"

चॅम्पियनने रॅकेट घेतली. मुलीने शटल उंच उडवले. चॅम्पियनचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच अडला. शटल तिच्या पायाशी पडले. पुन्हा उडवले, पुन्हा पडले.

"काय गं, दुखतंय?"

"हात वर जातच नाही. कपडे वाळत घालतानाही नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही बाम आणून दिलात."

ती रडली नाही. तिने रॅकेट त्याच्या हातात दिली आणि आत गेली. मग दुसरे काही सुचेना म्हणून त्याने रॅकेट पुन्हा माझ्यात घातली आणि स्क्रू आवळू लागला.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण ती जिची आहे तिला आधी विचारा, "खांदा कसा आहे?" आणि ती उत्तर देईपर्यंत तिथेच थांबा.