न घ्यायचं नाव

“मॅडम, पूर्ण नाव तुम्हीच सांगायचंय,” बँकेतली मुलगी फोनवर पुन्हा म्हणाली.

नांगाला खिडकीबाहेरच्या लाल मातीकडे बघत राहिली. मी वाचनालयाचं दार लोटून घेतलं. वस्तीतला चालू फोन तेवढा इथेच होता.

नांगाला हे तिच्या नातेगटाचं नाव, ते चालतं. तिचं स्वतःचं नाव ठेवलेली तिची भाची अ‍ॅलिस शहरातल्या इस्पितळात वारली होती. गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात कुणी घेत नाही. घेतलं तर जाणाऱ्याचा पाय मागे अडकतो. त्याच नावाच्या जित्या माणसालाही मग नावाऐवजी ‘कुमन्जाई’ म्हणतात. पोरीला गाडी करून आणायचं, आपल्या मातीत पुरायचं, एवढंच उरलं होतं. चित्रं विकून साठवलेले नांगालाचे पैसे त्याला पुरले असते. माझ्या पेन्शनीत अर्धी वाटही झाली नसती. पण बँकेने खातेदारांची ओळख नव्याने पटवायला घेतली आणि तिचं खातं गोठलं.

सुरुवातीला तिने सवयीने ‘कुमन्जाई’ सांगितलं होतं. त्यावर संशयाची खूण पडली. आता पुन्हा चुकलं तर खातं कायमचं बंद. नाव मी सांगू का, असं मी चाचरत विचारलं. दुसऱ्या कुणाचं चालत नाही, मुलगी म्हणाली. चोरांना रोखण्यासाठीच हा कायदा आहे. शहरातल्या शाखेत गेलात तरी नाव तोंडानेच सांगावं लागेल.

नांगाला हसली. नात्याच्या हिशोबात मी तिचा बाप लागतो.

“बाबा, चोर असते तर पटकन सांगून मोकळी झाले नसते का?”

मग तिने फोनवर तळवा दाबून धरला. “तू बाहेर जा. लांब जा, ऐकू येणार नाही इतका.”

“आणि तू?”

“मी कुठे जाऊ? तोंड माझंच आहे.”

मी कुंपणापर्यंत गेलो. मागे वळून बघायचं नव्हतं, पण बघितलं. काचेआड तिचे ओठ हलले.

पैसे मिळाले. पोर घरी आली, मातीआड झाली. सुतकातलं मौन आईने पाळायचं असतं. आत्याला ते बंधन नाही, असं म्हाताऱ्या बायकांनी नांगालाला सांगून पाहिलं. ती त्या दिवसापासून बोललेली नाही. पोरीच्या आईशेजारी बसते आणि तिच्यासारखीच हातांनी बोलते.

काल ती वाचनालयात आली होती. फोन वाजला. मी उठू लागलो, तसा तिने हात आडवा धरला. फोन थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.