मिस्त्रीने मागितलेली एकच गोष्ट

मिस्त्री गेल्यावर दोन आठवड्यांनी त्याच्या लेकीने शोकसभा ठेवली आणि मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं. मी आधी नाहीच म्हणालो. छत्तीस वर्षं मी ग्रंथालयात नोकरी केली. बोलणाऱ्यांकडे बघून ओठांवर बोट ठेवायचं, एवढाच माझा जाहीर भाषणांचा अनुभव.

"काका, चाळीस वर्षांची दोस्ती तुमची. तुम्ही नाही तर कोण बोलणार?" ती म्हणाली. "आणि एक वाक्य मात्र आलंच पाहिजे. बाबांनी शेवटपर्यंत वरच्याकडे काही मागितलं नाही. लोक म्हणतात ना, आजारपणात भलेभले हात जोडतात. बाबांनी नाही जोडले. हे सगळ्यांना कळू दे."

मी "बरं" म्हणालो. नको तिथे बरं म्हणायची मला जुनी खोड आहे.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचा. आमच्या ग्रंथालयाची लिफ्ट दर दोन महिन्यांनी रुसायची, त्यातून ओळख झाली. तो मला पंडित म्हणायचा, आणि त्यात आदर मुळीच नसे. डबा खाताना तो मला सुनवायचा, "लोक लिफ्टमध्ये शिरतात, बटण दाबतात आणि फोनमध्ये डोकं घालतात. वर दोर आहे की सुतळी, एक तरी बघतो? यांच्याइतका भाविक माणूस जगात नाही, पंडित. मी बघतो. विश्वास ठेवायची वेळ येऊ नये म्हणून बघतो."

मी हो म्हणायचो. समोर एखादा आस्तिक बसला असता तर त्यालाही हो म्हणालो असतो. देव आहे की नाही यावर मी बरंच वाचलं, आणि जे पुस्तक शेवटी हाती असेल त्याचं मला पटायचं. मिस्त्रीची लेक त्याच्याच मुशीतली. आता त्याची लिफ्टदुरुस्तीची कंपनी तीच चालवते. सभेच्या निरोपात तिने लिहिलं होतं, कोणतेही विधी होणार नाहीत, फुलं आणू नयेत.

अडचण अशी होती की ते वाक्य खरं नव्हतं, आणि हे फक्त मला माहीत होतं.

मंगळवारी दुपारी तीनला मी त्याला भेटायला रुग्णालयात गेलो होतो. नळ्या, यंत्रं, पडद्यावर हिरवी रेघ. मिस्त्री म्हणाला, "पंडित, दार लोटून घे."

"नर्स ओरडेल."

"ओरडू दे. लोट." मग बराच वेळ छताकडे बघून म्हणाला, "माझ्यासाठी एखादी प्रार्थना म्हण."

मला वाटलं, थट्टा करतोय. "मी?"

"नाहीतर काय ही सलाईनची बाटली म्हणेल? तू एवढं वाचलंयस. माझी जीभ वळत नाही रे त्या बाजूला. तू म्हण, मी ऐकतो. आणि पोरीला सांगू नकोस, हसेल."

"कोणती म्हणू?"

"मला काय विचारतोस? मी काय त्यातला जाणकार?"

आता मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. ग्रंथालयात आमचा एक नियम होता. वाचकाने काही विचारलं तर आठवणीवर विसंबून उत्तर द्यायचं नाही, उठून पुस्तक बघायचं आणि मगच सांगायचं. तो नियम माझ्या अंगात मुरला होता. मी मिस्त्रीला म्हणालो, "उद्या नीट शोधून आणतो."

तो काही क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग "बरं, आण," म्हणाला आणि डोळे मिटले.

संध्याकाळी मी सात पुस्तकं काढली. एका प्रार्थनेत फारच खात्री होती, ती मिस्त्रीला सोसली नसती. दुसरीत फार गयावया. तिसरीत पापांची यादी एवढी लांब की तो नळ्यांसकट उठून गेला असता. शेवटी तीन बऱ्या वाटल्या, त्या मोठ्या अक्षरात उतरवल्या. बुधवारी तीनला पोहोचलो तेव्हा खाटेवर धुतलेली चादर घातलेली होती. तो दुपारी बारा वाजताच गेला होता.

भाषणाचा कागद मी चार वेळा लिहिला. दोनदा ते वाक्य घातलं, दोनदा खोडलं. खरं बोललो तर मित्राने सांगू नको म्हटलेलं फोडणार, ते वाक्य बोललो तर त्याच्याबद्दल खोटं सांगणार. सभेच्या दिवशी, सुरू व्हायला दहा मिनिटं असताना, मी त्याच्या लेकीला सभागृहाबाहेर पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि सगळं सांगून टाकलं.

तिचा चेहरा उतरला. "बाबा असं म्हणाले?"

"म्हणाला. तुला सांगू नको असंही म्हणाला."

"मी हसले नसते." मग एकदम वर बघून म्हणाली, "तुम्ही कोणती म्हणालात?"

"म्हटलीच नाही. पुस्तक शोधायला घरी गेलो."

"काय?"

"योग्य ती सापडावी म्हणून..."

"काका, अहो, काहीही म्हणायचं होतं! लहानपणीचं एखादं गाणं म्हणायचं! बरोबर की चूक, त्यांना काय कळणार होतं?" ती रडत होती की रागावली होती, मला कळेना. "बाबांनी सगळ्या जन्मात एकच गोष्ट मागितली, तीसुद्धा तुमच्याकडे! दुसरं कोणी सापडलं नाही त्यांना?"

मी विचारलं, "मग आत काय बोलू?"

"मला नका विचारू. जे घडलं ते बोला, नाहीतर बोलू नका," असं म्हणून ती आत निघून गेली.

मी जे घडलं ते बोललो. कागद हातातच राहिला. मिस्त्री घाबरला होता, त्याने प्रार्थना मागितली आणि मी ती वेळेत दिली नाही, एवढंच सांगितलं. पुढच्या रांगेत कोणीतरी खुर्ची सरकवली. मी खाली उतरायला वळलो, तेवढ्यात मागच्या रांगेतून मिस्त्रीचा कामावरचा जुना जोडीदार उठला. सहा फुटी गडी, पण सगळे त्याला बुटका म्हणत.

"अहो साहेब," तो तिथूनच म्हणाला, "मग आता म्हणा की."

"आता?" मी म्हणालो. "आता काय उपयोग?"

"ते आपल्याला काय माहीत? तो मागून गेलाय. देऊन टाका."

उतरवलेल्या प्रार्थनांपैकी मला एकही ओळ आठवेना. मिस्त्रीच्या लेकीकडे बघितलं. ती हाताची घडी घालून समोर बघत होती. तिने होकाराची मान डोलावली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

"हा माझा मित्र," मी म्हणालो. "लोकांची फार काळजी घ्यायचा. शेवटी घाबरला होता. जिथे असेल तिथे त्याला एकटं ठेवू नका. आणि मी उशीर केला, त्याचा राग त्याच्यावर काढू नका."

एवढंच. पुस्तकात छापण्यासारखं त्यात काही नव्हतं. बुटका "हं" म्हणाला आणि खाली बसला.

सभा संपल्यावर मी भिंतीच्या कडेने निघालो होतो. ती दारात उभी होती.

"कोणाला उद्देशून म्हणालात ते?" तिने विचारलं.

"खरं सांगू? मलाही ठाऊक नाही."

तिने पर्समधून गाडीची किल्ली काढली. "चला, घरी सोडते," म्हणाली, आणि गाडीत बसल्यावर तिने मला मंगळवारचं सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं.