दाजींचा सरळ रस्ता

आरसा पुन्हा फिरवलेला, सीट पुन्हा पार मागे ढकललेली. दाजी स्टिअरिंगमागे बसले आणि रोजच्यासारखे करवादले, "अरे, गाडी चालवतोस की खाटेवर लोळतोस?"

खाली उभा असलेला मेव्हणा टॉवेलने मान पुसत हसला. "सपाटीला पाय लांब करून बसता येतं, दाजी. बघा एकदा तुम्हीपण."

बघा म्हणे. तो सहज बोलून गेला, पण दाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण दुसऱ्या दिवशी त्यांना नेमकं तेच करून दाखवायचं होतं.

डोंगरातून उतरणारे रस्ते आणि सपाटीवरून येणारे रस्ते या चौकात एकमेकांना भेटत. इथली रीत जुनी. सपाटीचा ड्रायव्हर मालट्रक चौकापर्यंत आणी आणि तिथून पुढे घाटातला ड्रायव्हर वर नेई. इंजिनसुद्धा बंद करत नसत. एक उतरला की दुसरा चढला. या ट्रकवर खाली मेव्हणा, वर दाजी. दाजींच्या बायकोचा हा धाकटा भाऊ. गाडी उभी केली की तो "दाजी" म्हणून अशी हाक मारी, की टायरवाल्यापासून हवालदारापर्यंत सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले होते. माणसाला एक मेव्हणा पुरेसा असतो, यांना अख्खा चौक मिळाला होता.

आता मालकाच्या डोक्यात नवं खूळ शिरलं होतं. अदलाबदल बंद, एका ट्रकला एकच ड्रायव्हर. दोघांची चाचणी घ्यायची: आधी दाजींची सपाटीवर, मग मेव्हण्याची घाटात. ज्याला जमेल त्याचा ट्रक, दुसऱ्याने गोदामात पोती हलवायची. दोघांनाही जमलं तर तरुण माणूस ठेवणार, हे चाचणी घेणाऱ्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि दोघांनाही नाही जमलं, तर नाइलाजाने जुनंच चालू.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "त्याला घाटातल्या चार गोष्टी सांगा ना. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

"म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय देऊ?"

"भाऊ आहे तो माझा."

"आणि मी कोण, भाडेकरू?"

भांडी जरा जास्तच आपटली गेली.

चाचणीच्या दिवशी शेजारच्या सीटवर कंपनीचे साहेब बसले. चौक आणि नाक्यावरचा पूल मागे पडला आणि समोर तो रस्ता आला. कसला रस्ता तो, नुसती ताणून बांधलेली दोरी. ना वळण, ना चढ, ना दरी. दाजींना काय करावं तेच सुचेना. सवयीने त्यांनी एका झाडाशी हॉर्न वाजवला.

"कुणासाठी?" साहेबांनी विचारलं.

दाजींनी हॉर्नवरचा हात काढला. मेलं, या रस्त्यावर माणसाने करायचं तरी काय? हाताला काम नाही, पायाला काम नाही. इंजिन एका सुरात गुणगुणत होतं. ऊन मांडीवर आलं होतं. सगळी हयात वळणं काढण्यात गेलेल्या माणसाला त्या सरळपणाने अलगद थोपटलं.

जाग आली ती साहेबांच्या ओरडण्याने. त्यांनी स्टिअरिंग धरलं होतं आणि ट्रक रस्त्याकडेच्या शेतात शिरून थांबला होता. कुणाला काही लागलं नव्हतं. चिखलात चाकं रुतली होती आणि दाजींची लाज निघाली होती.

साहेबांनी फोन करून मेव्हण्याला बोलावलं. एका टेम्पोतून तो आला, ट्रक बाहेर काढला आणि साहेबांना म्हणाला, "दाजींना सकाळपासून कणकण आहे, साहेब. ताई सांगत होती."

दाजींच्या अंगाचा तिळपापड झाला. आता हा उपकार करणार आपल्यावर. "काही कणकण नाही," ते म्हणाले. "झोप लागली मला."

परतताना मेव्हणा चालवत होता. नाक्यावरचा पूल ओलांडला, त्याचा उतार लागला, आणि त्याने मजेत गाडी न्यूट्रलला टाकली. ट्रक आवाज न करता खाली घरंगळला.

"डिझेल वाचवतो हा," साहेब खूश होऊन म्हणाले.

"प्रत्येक उताराला, साहेब," मेव्हणा म्हणाला. "हातच जातो आपोआप."

दाजींची नजर गिअरवरच्या त्याच्या हातावर गेली. घाटातून उतरतानाही याचा हात आपोआपच जाणार. भरलेला ट्रक, गिअर सुटलेला, सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापून बसले की कितीही दाबा, गाडी थांबत नाही. आपण चुकलो तर बाजूला शेत होतं. तिथे बाजूला काय आहे, हे दाजींना चांगलं माहीत होतं. आणि इतके दिवस आपण मनात कशाची वाट बघत होतो, तेही त्यांना कळलं. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

चौकात साहेब उतरून गेले. मेव्हणाही उतरायला लागला.

"बस तिथेच," दाजी म्हणाले. "अजून उजेड आहे. वर घे गाडी."

"माझी चाचणी उद्या आहे, दाजी."

"ठाऊक आहे मला. न्यूट्रलला हात लावलास तर हात मोडून ठेवीन. ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतरायचं. कळलं?"

मेव्हण्याने उघडलेलं दार पुन्हा ओढून घेतलं. "पण मला जमलं, तर तुम्ही..."

"तर पोती उचलीन. तुझ्या ताईसमोर रोज बसायचंय मला. चल, घे."

वर जाताना दाजींनी त्याला शिव्या घालत घालत सगळं सांगितलं: कुठे दरडीतलं पाणी रस्त्यावर येतं, कुठल्या वळणावर समोरचा आधी दिसत नाही, उतरताना इंजिनचा आवाज कसा ऐकायचा. उतरायला लागल्यावर मेव्हण्याचा हात एकदा न्यूट्रलकडे गेला; दाजींनी फटका मारला. पुन्हा गेला नाही. पोरगा भराभर शिकत होता, आणि तेच तर दाजींना सोसवत नव्हतं. निम्मा घाट उतरेपर्यंत सांगण्यासारखं काही उरलंच नाही. तरीही चौक येईपर्यंत दाजी त्याच्यावर ओरडतच राहिले.