संक्रांतीला लुटलेला बॅकअप

मल्हारी परमनंट झाला. वाळूजच्या आमच्या कंपनीत पेढेसुद्धा वाटून झाले. आता ते पेढे कुणी खाल्लेच नाहीत असं समजून पुढं वाचा, कारण दुसऱ्या दिवशी कंप्युटर बसला, तो मल्हारीची सगळी हजेरी घेऊनच बसला. हजेरी नाही म्हणजे मल्हारी कंपनीत कधी आलेलाच नव्हता, मग परमनंट कसला? समोर उभा होता, ती गोष्ट वेगळी.

"घाबरू नका, बॅकअप आहे," आमचे अकाउंटंट व्यंकटराव म्हणाले. त्यांनी हौसेनं जोड-ड्राइव्ह बसवून घेतला होता. एकाच खोक्यात मोठी फ्लॉपीही जाते, छोटीही. आग लागो, चोर येवो, म्हणून अर्धा बॅकअप मोठ्या फ्लॉप्यांवर, कंपनीत. अर्धा छोट्यांवर, गुलमंडीत त्यांच्या घरी. दोन्ही अर्धे जमल्याशिवाय कंप्युटर तोंड उघडत नाही.

आदल्याच दिवशी विद्यापीठाचं नामांतर झालेलं. रस्त्यात जल्लोष, चौकात बंदोबस्त, शिफ्टच्या बसचा पत्ता नाही. मी अन् मल्हारी सायकलवर डबलसीट गुलमंडीला पोचलो.

"अगोबाई, त्या चपट्या डब्या?" व्यंकटरावांच्या पत्नी, भानुमतीकाकू म्हणाल्या. "त्या मी काल हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटल्या की! सगळ्यांना फार आवडल्या. यमुनाबाईंनी तर लगेच वर चहाचा कप ठेवला."

"परत मागा ना, काकू."

"लुटलेलं वाण परत मागतात होय रे? रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकवं आहेत. त्यांनी पुढं लुटल्या तर मिळतील. पण सवाष्णींनाच हं."

मल्हारी माझ्याकडं वळला. "बायको आणू का मंग?"

"आण की."

"पोरीचा बाप म्हणतोय, आधी परमनंट हो."

"मग हो."

"त्याला फ्लॉप्या लागत्यात ना?"

"व्हय."

"अन् फ्लॉप्यांना बायको."

आम्ही पायरीवर बसलो. काकूंनी तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाल्या. गोड काही सुचेना. शेवटी मी त्यांच्याकडून कागद घेतला अन् तहसीलदारांना अर्ज लिहिला:

"महोदय, अर्जदार मल्हारी केरबा, रा. देवगाव रंगारी, यांस केवळ कार्यालयीन कामकाजापुरते, रथसप्तमीअखेर, सवाष्ण घोषित करून तसा दाखला देण्यात यावा, ही नम्र विनंती. अर्जदारास मिशा आहेत. त्याबाबत नियमात सूट मिळावी."