सरळ झालेली सवत

रिवाइंडकाकांच्या घरात माणसं दोन आणि व्हीसीआर मोजायची सोय नाही. पलंगाखाली व्हीसीआर, कपाटात स्वेटरांच्या घडीत व्हीसीआर, आणि एक तर स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी. त्याच्यावर काकू धुतलेली ताटं निथळत ठेवायच्या, आणि काका येता-जाता ती ताटं उचलून यंत्र फडक्यानं पुसायचे, लेकराचं नाक पुसावं तसं.

काकांचा जन्म नकाशे आखण्यात गेला. रेघ केसभर वाकडी गेली तर त्यांना घास गोड लागत नसे. निवृत्त झाले, रेघा संपल्या, नजर मात्र तशीच राहिली. भिंतीवरची तसबीर, टेबलावरचा चमचा, पाहुण्यांनी दारात काढलेल्या चपला, सगळं सरळ करत ते घरभर हिंडत. मग कुणीतरी बंद पडलेला व्हीसीआर आणून दिला. काकांनी झाकण उघडलं, आतली फीत खांबांना वळसे घेत चालली होती, अगदी नकाशातल्या नदीसारखी. त्या दिवसापासून काका त्या नदीकाठचेच झाले.

रविवारी सकाळी आणखी दोघे येत. एक दाताचे डॉक्टर. ते आपला छोटा आरसा आणि दिवा घेऊन येत आणि कॅसेटच्या फटीत डोकावण्याआधी यंत्राला सवयीनं "आ करा" म्हणत. दुसरे शिंपी. यंत्रातला रबरी पट्टा सैल झाला की ते तो कानाजवळ धरून छेडायचे आणि त्याचा सूर कुठे उतरलाय ते सांगायचे. इतकी चांगली नवी यंत्रं असताना ही भंगाराची माया का, असं काकूंनी एकदा विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, मागे फिरतानाचा तो घुर्रर्र आवाज ऐकला की दिवसभराच्या दुखऱ्या दाढा कानातून निघून जातात. शिंपी म्हणाले, वहिनी, हे बिघडलं की उघडून बघता येतं कुठे काय दुखतंय. नवं बिघडलं तर रुसलंय की मेलंय तेसुद्धा कळत नाही. काका मात्र बशीतली बिस्किटं एका रांगेत लावत बसले.

काकू चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या नाकावर भिंगांची चौकट चढवायची, भिंग बदलायचं आणि विचारायचं, हे बरं की हे. असं विचारण्यात आयुष्य गेलेली बाई. पण घरात त्यांना कुणी काही विचारत नसे. मग त्या ताटं पुसता पुसता स्वतःशीच ओवी जुळवत:

सवत माझी काळी गं, पोटात हिच्या फीत
हिच्यापाशी बसले की, धनी विसरे रीत
सवतीला आला खोकला, धनी उठे धावून
मला आला ताप तरी, पाहीना गं वाकून

ओवी ऐकून शिंपी मान डोलवत. काकांना सूर तेवढा ऐकू जाई, शब्द जात नसत.

या सगळ्या सवतींत एक थोरली होती. कपाटाच्या माथ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली. काकूंच्या लग्नाच्या वेळी घेतलेलं ते यंत्र. गल्लीतले सगळे व्हीसीआर काकांनी बोलते केले, पण थोरलीला कधी हात लावला नाही. विचारलं की म्हणत, एक भाग मिळायचाय. तो भाग कुठला, कुठून यायचा होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि थोरली बंद म्हणून लग्नाची कॅसेटही बंद, कारण ती दुसऱ्या कुठल्याच यंत्रावर दिसत नसे. नुसत्या मुंग्या. पडदाभर पांढऱ्या-काळ्या मुंग्या.

त्या मुंग्यांच्या मागे एक जुना वाद पुरला होता. लग्न लागलं, माहेरचं दार सोडून नवरी निघाली, तेव्हा नवरी रडली नाही, नवरीचे आईबाप रडले नाहीत, नवरदेव मात्र ढसाढसा रडला, असं काकूंच्या माहेरी सगळे सांगत. काका म्हणत, डोळ्यात कचरा गेला होता. काकूंनी स्वतः काही पाहिलं नव्हतं. त्या आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या. पूर्वी हा नुसता चेष्टेचा विषय होता. पण पुढे काकांचं बोलणं आटत आटत "दिवा मालव" आणि "ताट सरळ ठेव" एवढ्यावर आलं, तेव्हा काकूंना खरंच जाणून घ्यावंसं वाटू लागलं. हा माणूस आपल्यासाठी कधीतरी रडला होता की नव्हता? त्यांनी कॅसेट काढून पाहिली, तर फितीवर बुरशीची पांढरी साय. डॉक्टरांनी आरसा लावून तपासलं आणि रोग्याच्या नातेवाइकांशी बोलावं तसं हळू आवाजात सांगितलं, की फार तर एकदा चालेल, मग फीत राम म्हणेल.

काका चार दिवस बहिणीकडे गेले तशी काकूंनी दोघांना बोलावून घेतलं. थोरली खाली उतरवा आणि चालू करा, म्हणाल्या. दोघांना आकाश ठेंगणं झालं. मित्राला बसणारा सुखद धक्का डोळ्यांपुढे आणून ते कामाला लागले. शिंप्यांनी पट्टा बदलला. मऊ मलमलीनं फितीची बुरशी वेढा वेढा करून पुसली. आणि डॉक्टरांना सापडला एक वाकडा दात. फीत ज्याच्यावरून चित्र वाचणाऱ्या ड्रमकडे वळते, तो एक खांब आपल्या जागेवरून किंचित वर चढला होता. वाकडा दात पाहून डॉक्टरांच्याने राहवेना. काकांसारख्याच्या घरात ही वाकडी वस्तू राहिली कशी, म्हणून हळहळले, आणि त्यांनी तो खांब हव्या त्या उंचीवर आणला. दात उपटायच्या हातानं स्क्रू आवळला, त्यामुळे स्क्रूचं डोकं तुटून हातात आलं, पण खांब बसला तो अगदी नेमका. बाजारातली एक कॅसेट लावून पाहिली. चित्र असं स्वच्छ की नटाच्या मिशीचे केस मोजावेत. शिंप्यांनी डॉक्टरांना मिठी मारली.

मग काकूंनी लग्नाची कॅसेट आत सरकवली. मुंग्या.

तिघं त्या मुंग्यांकडे पाहत बसले होते तेव्हाच दार वाजलं. बहिणीच्या घरची प्रत्येक चौकट सरळ करून झाल्यामुळे काका एक दिवस आधीच परतले होते. टेबलावर उघडी थोरली दिसली आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली बसली. पहिल्यांदा त्यांनी कॅसेट बाहेर काढली. मग वाकून खांबाकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले.

"सरळ केलात," ते म्हणाले.

अगदी नेमका, असं डॉक्टर अभिमानानं सांगू लागले आणि काकांचा चेहरा पाहून अर्ध्यातच थांबले. मग जे काकांनी कधी सांगितलं नव्हतं ते तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. लग्नाच्या वेळी यंत्र नवं, बायको नवी आणि हातातला स्क्रूड्रायव्हरही नवा. चित्राच्या तळाशी एक बारीक पांढरी रेघ दिसायची, ती खपेना म्हणून त्यांनी खांब फिरवला होता. रेघ गेली. त्याच यंत्रावर त्यांनी लग्नाच्या कॅसेटची नक्कल उतरवून घेतली, आणि कॅमेरावाल्यानं मूळ कॅसेट दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नाला वापरून टाकली. नक्कल बसून पाहायच्या आतच थोरली बंद पडली. वाकड्या खांबानं लिहिलेली फीत वाकड्या खांबालाच वाचता येते. सरळ यंत्राला त्यातलं अक्षर लागत नाही.

शिंप्यांनी हळूच विचारलं, की मग तुम्हाला हे कळलं कधी. काका म्हणाले, केव्हाच. म्हणून तर हात लावला नाही, लावला असता तर सरळ केल्याशिवाय राहवलं नसतं.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसांच्या चपला सरळ करणारा हा गृहस्थ, आणि कपाटाच्या माथ्यावर एक वाकडेपण इतकी वर्षं चादरीत गुंडाळून जपत होता. पण काकूंचं समाधान झालं नाही. जपलं ते खरं, पण दाखवलं नाही हेही खरं.

"मग आता करा पुन्हा वाकडं," त्या म्हणाल्या. "मला बघायचंय."

डॉक्टरांनी मदतीचा हात पुढे केला, तो काकूंनी मधेच अडवून त्यांच्या हातात त्यांचाच आरसा दिला आणि दोघांना दारापर्यंत पोचवलं. शिंपी जाताना दोनदा मागे वळले, लेक सासरी धाडल्यासारखे.

टेबलावर खांबाशी वाकायला जागा पुरेना आणि थोरलीची वायर आखूड, त्यामुळे ती टीव्हीच्या मागे स्टुलावर ठेवावी लागली. तिथून काकांना पडदा दिसत नव्हता. बुरशीनं आवाज खाल्ला होता, नुसतीच खरखर येत होती, ती काकूंनी बंद केली. स्क्रू तुटलेला, म्हणून खांब चिमटीत धरायचा, केसभर वर न्यायचा आणि तसाच तोलून ठेवायचा. बोट हललं की सगळं गेलं. काका नकाशावर वाकावं तसे वाकले.

"आता?"

"मुंग्या."

"आता? हे बरं की आधीचं?"

काकू दचकल्या. आयुष्यभर जे त्या जगाला विचारत आल्या, ते आज घरात कुणीतरी त्यांना विचारत होतं. आधीचं बरं होतं, त्या म्हणाल्या, अजून थोडं अलीकडे घ्या. काकांनी घेतलं. वर्षानुवर्षांत दोघांचं एवढं बोलणं झालं नव्हतं. अलीकडे, पलीकडे, जरा वर, अहो फार झालं, बरं मग हे घे, हं, हे बरंय.

मुंग्या पांगल्या. पडद्यावर दार उभं राहिलं, माहेरचं दार. दारात काकूंचे वडील, डोळे ठणठणीत कोरडे, आणि त्यांच्या गळ्यात पडलेला एक काटकुळा नवरदेव. खांदे गदागदा हलतायत. वडील त्याच्या पाठीवर थापट्या मारतायत. आईनं पाण्याचा पेला आणला, तर त्यानं पेल्यासकट आईलाच मिठी मारली. दोन मामांनी मिळून त्याला सोडवला. मागे गाडीच्या खिडकीत नवरी बसलीय आणि पर्समध्ये काहीतरी शोधतेय, तिचं इकडे लक्षच नाही. वडील नवरदेवाचा हात धरून त्याला गाडीकडे आणतायत, मुलीची पाठवणी नव्हे, जावयाची. तो मधेच थांबतो, खिडकीतल्या मुलीकडे बघतो आणि नव्यानं गळा काढतो.

"दिसलं काही?" टीव्हीमागून काकांनी विचारलं.

काकूंनी पदरानं डोळे टिपले. इतक्या वर्षांचा वाद जिंकलेला समोर नाचत होता. हो म्हटलं की काका बोट सोडून पुढे येणार, मग ते बघणार, लाजणार, कचऱ्याचं काहीतरी सांगणार. आणि फीत तर एकदाच चालायची.

"मुंग्याच आहेत," काकू म्हणाल्या. "धरून ठेवा."

काकांनी कान दिला. चित्र लागलं की थोरलीच्या पोटातला गुणगुणाट एका सुरात येतो, कसलाही खडा लागत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आत्ता तो तसाच येत होता. त्यांनी बोट हलवलं नाही. श्वाससुद्धा बेतानं घेतला. बराच वेळ गेल्यावर ते तेवढं म्हणाले, "इथं हातालाही आल्या. मुंग्या."

"येऊ द्यात," काकू म्हणाल्या आणि खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली.