सरांच्या भाषणातून गाळलेलं

लढाई संपली तेव्हा शहरात छपरं कमी आणि विचार उदंड होते. आत्या सांगते, खिडक्यांना काचा नव्हत्या, पण ज्या त्या खोलीत कुणीतरी उभं राहून देश कसा असावा ते सांगत होतं. तसल्याच एका खोलीत सर बोलायचे. आत्या कोपऱ्यात बसून लघुलिपीत उतरवून घ्यायची, मग टाइप करून द्यायची. त्या कागदांतून मंडळ उभं राहिलं, मंडळातून पक्ष, पक्षातून सरकार. आम्ही शाळेत सरांची वाक्यं पाढ्यांसारखी घोकली.

आत्याचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, तेही त्या खोलीत असायचे. पुढे शिक्षक झाल्यावर ते वर्गात बोलून गेले, की सरांना स्वतःला एवढी खात्री नव्हती. चौकशी बसली. छापील भाषणात तसं अक्षरही नव्हतं. बाबा खोटे ठरले, नोकरी गेली. कुठल्याशा थंड गावी गोदामात पोती उचलता उचलता ते गेले.

यंदा भाषणांची नवी आवृत्ती निघायची होती. मजकूर मूळ प्रतीशी ताडायचा, पण आत्याने टाइप केलेली ती प्रत वाळवीने खाल्लेली. आवृत्ती काढणाऱ्या समितीने मला, त्यांच्या टायपिस्टला, आत्याकडे धाडलं, कारण तिची लघुलिपी तिच्याशिवाय कुणाला लागत नाही. दुपारी तिने वही डोळ्यांशी धरली आणि वाचू लागली.

"माणसाने देशासाठी स्वतःला विसरावं... कदाचित. मला नक्की सांगता येत नाही. थांबा, हे पुन्हा तपासायला हवं."

माझी बोटं थबकली. हे छापलेल्यात नाही, मी म्हणाले.

नसणारच, ती म्हणाली. तिला शिकवलंच तसं होतं. खोकला, अडखळणं, मागे फिरणं, सगळं गाळायचं. वक्त्याचं बोलणं धुऊन, पिळून, इस्त्री करून द्यायचं. सर हसून म्हणायचे, बाई, तुमच्या कागदावर मी फार शहाणा दिसतो. आणि सही करायचे.

"आणि बाबांच्या चौकशीत?"

"वही मांडीवरच होती गं. त्यांनी विचारलं, असं काही आहे का. मी म्हटलं, टाइप केलेली प्रत तीच खरी."

तिने वही मिटली. मग हळूच म्हणाली, "येतो तुझा बाबा, दुपारचा. तिथे खुर्चीत बसतो. काही म्हणत नाही, नुसता वहीकडे बघतो."

मी खुर्चीकडे पाहिलं. गादी मधोमध दबलेली होती. आत्या एकटीच राहते, आणि बसते ती नेहमी पलंगावर.

"वाच," मी म्हणाले. "सगळं वाच."

त्या भाषणाच्या छापील नऊ पानांची चौदा झाली. शेवटी 'मूळ वहीबरहुकूम' असं लिहून तिने सही केली. तिची पेन्शन जाईल, कदाचित आणखीही काही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

समितीचा माणूस पाचला यायचा होता. चारलाच जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, एकेका पायरीवर थांबत. मी उठले.

"तू बस," आत्या कागद छातीशी धरून म्हणाली. "कुणी का असेना, दार मी उघडते."